स्लॅलमचे ट्रक निवडताना आणि लावताना : आधी कोन, शेवटी नट

स्केटबोर्ड मागून थरथरला की किंगपिनचा, म्हणजे ट्रकमधल्या मुख्य बोल्टचा, नट आवळायचा, पुढून वळला नाही की सैल करायचा. स्लॅलम म्हणजे ओळीने मांडलेल्या शंकूंमधून नागमोडी जाणं, आणि ट्रक म्हणजे डेकखाली (उभं राहायच्या फळीखाली) चाकं धरणारा धातूचा भाग. स्लॅलमच्या ट्रकबाबत बहुतेकांचं सगळं शास्त्र या एका नटाभोवती फिरतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! थरथरण्याचं कारण बहुतेक वेळा मागच्या ट्रकचा कोन जास्त असणं हे असतं, आणि न वळण्याचं कारण कडक बुशिंग (ट्रकमधली रबरासारखी गादी) किंवा पुढचा कमी पडलेला कोन. नटाने हे दोष दबतात, जात नाहीत.

म्हणून क्रम असा ठेवा : कोन, रुंदी, बुशिंग, जोडणी, आणि सगळ्यांत शेवटी नट. पुढचे टप्पे याच क्रमाने आहेत. मधला टप्पा गाळून पुढे गेलात तर परत मागे यावं लागेल.

शब्दांचा घोळ नको म्हणून आधीच सांगून ठेवतो. रस्त्यावर ओळीने मांडतात त्यांना इथे शंकू म्हटलंय. कोन म्हणजे फक्त अंशांत मोजायचा तो.

## तयारी

लागणारी हत्यारं :

- ९/१६ इंची पाना किंवा सॉकेट, किंगपिनच्या नटासाठी. काही नटांना १४ मिमीचा पानाही बसतो.
- १/२ इंची सॉकेट, चाकांच्या नटांसाठी.
- ३/८ इंची सॉकेट आणि स्क्रू ड्रायव्हर किंवा ॲलन की, डेकच्या बोल्टांसाठी.
- व्हर्निअर किंवा निदान स्टीलची पट्टी, आणि मापपट्टी.
- फोनमधलं कोनमापक.
- खडू, बारीक मार्कर, वही.

वही कशाला, असं वाटेल. पण तीन तासांत पाच बदल केल्यावर दुसरा बदल काय होता हे कोणालाच आठवत नाही, आणि नेमकी तीच जुळणी सगळ्यांत चांगली असते.

आधी दोन गोष्टी लिहून ठेवा : तुमचं वजन, आणि शंकूंमधलं अंतर. टाइट स्लॅलममध्ये शंकू साधारण दीड ते दोन मीटरवर असतात, जायंट स्लॅलममध्ये त्याहून बरेच लांब आणि वेगही जास्त. दोन्हींसाठी एकच जुळणी शोधत बसू नका. शिकताना टाइटची जुळणी करा, कारण चुका तिथेच लवकर दिसतात.

## टप्पा १ : दोन्ही ट्रकचे कोन ठरवा

डेक एका बाजूला झुकवला की ट्रकचा हँगर, म्हणजे चाकांचा ॲक्सल धरणारा भाग, एका तिरक्या अक्षाभोवती फिरतो. हा अक्ष जमिनीच्या समांतर रेषेशी जेवढा उभा, तेवढं त्याच झुकण्यात वळण जास्त. डेक २० अंश झुकवला तर काय होतं पाहा :

- ३० अंशांचा ट्रक सुमारे ११ अंश वळतो.
- ४५ अंशांचा सुमारे १९ अंश.
- ६० अंशांचा सुमारे ३१ अंश.

आता ४५ सेमी व्हीलबेसचा, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलमध्ये तेवढं अंतर असलेला, बोर्ड घ्या. दोन्ही ट्रक ४५ अंशांचे असतील तर २० अंश झुकल्यावर वळणाची त्रिज्या सुमारे ६६ सेमी येते, आणि बोर्ड बरोबर मध्यावर गिरकी घेतो. म्हणजे पुढची चाकं जेवढी आत जातात तेवढीच मागची बाहेर फेकली जातात. वेगात शेपूट हलते ती इथून. पुढे ६० आणि मागे ३० केलं तर त्रिज्या ५७ सेमीपर्यंत उतरते आणि गिरकीचा बिंदू मागच्या ॲक्सलपासून फक्त ११ सेमीवर, जवळजवळ मागच्या पायाखाली येतो. कोनांची बेरीज दोन्हीकडे नव्वदच आहे, तरी दुसरा बोर्ड जास्त वळतो आणि मागून जास्त स्थिर राहतो. स्लॅलमच्या जुळणीचा सगळा गाभा या एका हिशेबात आहे.

सुरुवातीचे आकडे :

- टाइट स्लॅलम : पुढे ५५ ते ६०, मागे २५ ते ३०.
- जायंट स्लॅलम : पुढे ४५ ते ५०, मागे २५ ते ३०.

हाताशी असलेल्या ट्रकचा कोन कसा कळेल? किंगपिन बाहेरच्या बाजूला असलेल्या, म्हणजे रिव्हर्स किंगपिन ट्रकच्या बेसप्लेटचा (डेकला बोल्टने जोडायच्या भागाचा) कोन बहुतेक वेळा निर्मात्याने दिलेला असतो. रँडल आर-टूच्या बेसप्लेट ५०, ४२ आणि ३५ अंशांच्या येत. जुन्या पद्धतीच्या ट्रकवर असा आकडा सहसा नसतो. मग ट्रक बाजूने, कॅमेरा अगदी समोर धरून, फोटो काढा. पिव्होट कपाच्या (हँगरचं टोक ज्यात बसतं त्या वाटीच्या) मध्यापासून दोन बुशिंगांच्या मधोमध बसलेल्या हँगरच्या कड्याच्या मध्यापर्यंत रेघ ओढा. बेसप्लेटचा तळ आणि ही रेघ यांतला कोन म्हणजे तुमचा आकडा. दोन-तीन अंशांची चूक होईल, पण सुरुवातीला तेवढी चालते.

टाइट स्लॅलममध्ये पुढे बेनेट व्हेक्टर आणि मागे ट्रॅकर आरटीएस ही जोडी बरीच वर्षं चालत आली आहे, ती याच कारणाने : पुढचा चटकन वळणारा, मागचा संथ. ब्रँड वेगळे असले तरी चालतात. पुढचा-मागचा स्वभाव मात्र असाच वेगळा हवा.

थांबा, तपासा : दोन्ही ट्रक सारखेच, एकाच जोडीत विकत घेतलेले आहेत? मग पुढचा टप्पा तुम्हाला टाळता येणार नाही.

## टप्पा २ : वेज लावून कोन बदला

वेज म्हणजे एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ असलेला रायझर, म्हणजे डेक आणि ट्रक यांच्यामध्ये घालायचा तुकडा. सर्वाधिक चुका इथे होतात, कारण जाड बाजू कुठे ठेवायची हे लोक अंदाजाने ठरवतात. नियम एकच आहे आणि तो दोन्ही प्रकारच्या ट्रकना लागू पडतो :

1. जाड बाजू बोर्डाच्या मध्याकडे ठेवली की कोन वाढतो. पुढच्या ट्रकला हे हवं.
2. जाड बाजू बोर्डाच्या टोकाकडे ठेवली की कोन कमी होतो. मागच्या ट्रकला हे हवं.

वेजचे अंश बेसप्लेटच्या कोनात सरळ मिळवा किंवा वजा करा. ५० अंशांची बेसप्लेट आणि १० अंशांचा वेज मिळून ६०. काही स्लॅलम डेकमध्ये वेज मुळातच कोरलेला असतो. तो हिशेबात धरायला विसरू नका, नाहीतर पुढचा ट्रक ६० ऐवजी ६८ वर जाऊन बसतो आणि बोर्ड पायाखालून पळू लागतो.

वेजवर अंश लिहिलेले नसतील तर मोजून काढा. ८ सेमी लांबीच्या वेजच्या दोन टोकांच्या जाडीत ७ मिमी फरक असेल तर तो ५ अंशांचा, १४ मिमी असेल तर १० अंशांचा. १५ अंशांच्या पुढे जाऊ नका. बोर्ड उंच होतो आणि बोल्ट तिरके ताणले जातात. मागे २५ अंश हवे असतील तर ५० अंशांच्या बेसप्लेटला २५ अंशांनी पाडण्याचा आटापिटा करण्यापेक्षा मुळातच कमी कोनाचा ट्रक घ्या.

बोल्टची लांबी दोन्ही टोकांना वेगळी लागते. डेकची जाडी, त्या भोकापाशी वेजची जाडी, बेसप्लेटची जाडी आणि नटासाठी ६ मिमी, अशी बेरीज करा. वेजच्या जाड बाजूचे दोन बोल्ट लांब, पातळ बाजूचे आखूड. भोकांमधलं अंतरही बघून घ्या : जुन्या मापात ६३.५ मिमी, नव्या मापात ५४ मिमी, रुंदी दोन्हीत ४१ मिमी.

आणखी एक बारकावा, जो सहसा कोणी पाहत नाही. पुढची आणि मागची उंची वेगळी झाली तर डेक तिरका होतो आणि दोन्ही कोन आपोआप बदलतात. ४५ सेमी व्हीलबेसवर नाक ८ मिमी उंच असेल तर पुढचा कोन १ अंशाने वाढतो आणि मागचा १ अंशाने घटतो. हे आपल्या फायद्याचं आहे. शेपूट उंच झाली तर मात्र नेमकं उलट होतं. म्हणून बोर्ड सपाट फरशीवर ठेवा, फोन डेकवर लांबीच्या दिशेने ठेवून कोन बघा आणि वहीत लिहा.

इशारा : प्लॅस्टिकच्या बेसप्लेटवर बोल्ट जोर लावून आवळू नका. वेजमुळे बेसप्लेटवर आधीच असमान दाब असतो. भोकाच्या कडेला केसासारखी पांढरट रेघ दिसली तर ती बेसप्लेट बाद.

## टप्पा ३ : रुंदी

हँगरची रुंदी म्हणजे चाकाची बेअरिंग जिथे टेकतात त्या दोन खांद्यांमधलं अंतर. ॲक्सलची टोकापासून टोकापर्यंतची लांबी ही रुंदी नव्हे.

टाइट स्लॅलमला १०० ते १२० मिमी, जायंटला १२५ ते १५० मिमी धरून चला. अरुंद ट्रक एका बाजूकडून दुसरीकडे पटकन पलटतो. रुंद ट्रकला पलटायला वेळ लागतो, पण तो वेगात शांत राहतो. टाइटमध्ये मागचा ट्रक पुढच्यापेक्षा रुंद घेऊ नका. पुढची चाकं शंकूजवळून सुटतात आणि मागचं चाक तो उडवतं.

चाकं बसवून बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजा. डेकच्या कडेपेक्षा प्रत्येक बाजूला दीड-दोन सेमीहून जास्त बाहेर येत असतील तर हँगर मोठा आहे.

## टप्पा ४ : बुशिंग

प्रत्येक ट्रकमध्ये दोन बुशिंग असतात, एक डेककडचं आणि एक रस्त्याकडचं. जास्त भार डेककडच्या बुशिंगवर येतो. एकच बदलायचं असेल तर ते बदला.

सुरुवातीची कडकपणाची मापं (आकडा मोठा तेवढं बुशिंग कडक) :

- ६० किलोपर्यंत : पुढे ७८ए ते ८३ए, मागे ८५ए ते ८८ए.
- ६० ते ७५ किलो : पुढे ८३ए ते ८७ए, मागे ८८ए ते ९०ए.
- ७५ ते ९० किलो : पुढे ८७ए ते ९०ए, मागे ९०ए ते ९३ए.

आकाराबद्दल माझं मत ठाम आहे : स्लॅलमसाठी दोन्ही ट्रकमध्ये डेककडे सरळ पिंपासारखं बॅरल बुशिंग. रस्त्याकडे पुढच्या ट्रकमध्ये निमुळतं चालेल, मागच्यात तिथेही बॅरलच. दोन्ही निमुळती लावली की ट्रक मध्यावर ढिला राहतो आणि एका ठरावीक झुकण्यानंतर धपकन पडतो. शंकूंच्या ओळीत प्रत्येक वळणानंतर बोर्ड स्वतःहून मध्यावर परत यायला हवा. ती ताकद बॅरलमधून मिळते.

वॉशरकडेही लक्ष द्या. वाटीसारखा खोलगट वॉशर बुशिंगची कड धरून ठेवतो आणि ट्रक कडक करतो. सपाट वॉशर तिला पसरू देतो. पुढे सपाट, मागे वाटी ही सुरुवात चांगली. वाटीची कड हँगरच्या धातूला टेकत असेल तर तिथे सपाट वॉशरच लावा.

## टप्पा ५ : जोडणी, याच क्रमाने

1. पिव्होट कप स्वच्छ पुसा. कोरड्या साबणाचा चिमूटभर कीस आत टाका. तेल नको, त्याला धूळ चिकटते.
2. हँगरचं टोक कपात बसवून हाताने हलवा. टकटक आवाज आला तर कप झिजलाय. तो आधी बदला, कारण ही ढिलाई पुढे कशानेच भरून निघत नाही.
3. डेककडचा वॉशर, बुशिंग, हँगर, रस्त्याकडचं बुशिंग, वॉशर, नट, असं एकावर एक चढवा.
4. नट बोटांनी फिरेल तेवढा फिरवा. नंतर पान्याने, वॉशर हाताने फिरणं थांबेपर्यंतच. नटाच्या आतल्या नायलॉनच्या कड्याबाहेर किमान एक-दोन आटे दिसले पाहिजेत. दिसत नसतील तर बुशिंग जास्त उंच आहेत.
5. ट्रक डेकवर ठेवून बोल्ट हलके लावा. मग कर्ण पद्धतीने, समोरासमोरचे आळीपाळीने, आवळा.
6. चाकांच्या दोन्ही बाजूंना बारीक वॉशर घाला. चाकाचा नट पूर्ण आवळून मग पाव फेरा उलटा फिरवा. चाक बाजूला अगदी किंचित हललं पाहिजे.

तपासणी अ : बोर्ड जमिनीवर ठेवून हाताने उजवीकडे दाबा. उजव्या बाजूची पुढची आणि मागची चाकं एकमेकांच्या जवळ यायला हवीत. लांब गेली तर ट्रक उलटा बसवलाय. हसण्यासारखं वाटेल, पण वेगळ्या बनावटीचे दोन ट्रक लावताना ही चूक सर्रास होते.

तपासणी ब : डाव्या बाजूला पुढच्या ॲक्सलच्या टोकापासून मागच्या ॲक्सलच्या टोकापर्यंत मोजा, मग उजव्या बाजूला. दोन मापांत एक मिमीपेक्षा जास्त फरक नको. फरक असेल तर बोल्ट सैल करून ट्रक सरळ करा. तरीही फरक राहिला तर बुशिंग नीट बसलेलं नाही किंवा ॲक्सल वाकलाय.

तपासणी क : चाकांच्या वरच्या भागाला खडू घासा. बोर्डावर उभं राहून पूर्ण झुका, दोन्ही बाजूंना. डेकच्या खाली पांढरा डाग उमटला तर चाक घासतंय. रायझर वाढवा किंवा चाक लहान करा. हे रस्त्यावर, शंकूंच्या मधोमध कळलं तर चाक जागच्या जागी थांबतं आणि तुम्ही पुढे जाता.

## टप्पा ६ : आता नट

मार्करने नटाच्या एका कोपऱ्यावर आणि समोर वॉशरवर खूण करा. किंगपिनला इंचाला २४ आटे असतात. म्हणजे एका पूर्ण फेऱ्यात नट १.०६ मिमी सरकतो, पाव फेऱ्यात जेमतेम पाव मिमी. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही.

वॉशर फिरायचा थांबतो ती शून्य जागा. तिथून पुढे एक फेरा ही हद्द समजा. त्यापलीकडे आवळावं लागत असेल तर बुशिंग मऊ आहे. नजरेलाही दिसतं : बुशिंग वॉशरच्या बाहेर फुगतं, मध्ये घडी पडल्यासारखी आडवी रेघ येते. असं बुशिंग झुकायच्या आधीच दबलेलं असतं. बोर्ड मध्यावर मेल्यासारखा वाटतो आणि पंप करून, म्हणजे पाय जमिनीला न लावता वळणांमध्ये शरीराचा रेटा देऊन, वेग मिळत नाही. नट सैल करा, एक पायरी कडक बुशिंग घाला. आणि शून्यावरही ट्रक वळत नसेल तर नट आणखी सोडून वॉशर खुळखुळता ठेवू नका, मऊ बुशिंग घाला.

## टप्पा ७ : रस्त्यावरची चाचणी

हेल्मेट आणि मनगटाचे गार्ड घाला. वाहतूक नसलेला, गुळगुळीत, जेमतेम उताराचा रस्ता निवडा. १० शंकू सरळ ओळीत १.८ मीटरवर मांडा. पुढचा पाय ट्रकच्या बोल्टांवर, मागचा मागच्या बोल्टांच्या किंचित पुढे. पायांची जागा डेकवर खडूने आखून घ्या, नाहीतर पाय सरकल्याचा दोष ट्रकच्या माथी येतो.

तीन फेऱ्या मारा, मग एकच बदल करा, पुन्हा तीन फेऱ्या. एका वेळी दोन बदल केलेत तर काहीच कळणार नाही. नवी बुशिंग पहिल्या दिवशी जरा कडक वाटतात. त्यांना बसायला वेळ द्या.

मागून थरथर : मागचा कोन ३ ते ५ अंश कमी करा. तेवढ्याने भागलं नाही तर मागचं बुशिंग एक पायरी कडक करा. वजन मागच्या पायावर जातंय का तेही बघा, कारण असा रायडर कुठलाही ट्रक थरथरवू शकतो.

तिसऱ्या-चौथ्या शंकूनंतर रेषा बाहेर जाते : पुढचा ट्रक कमी पडतोय. आधी डेककडचं बुशिंग मऊ करून बघा, मग कोन ३ अंश वाढवा.

पुढची चाकं सुटतात, मागचं चाक शंकू पाडतं : इथे बहुतेक जण पुढचा ट्रक आणखी वळता करतात आणि आणखी शंकू पाडतात. मागचा ट्रक फार कमी वळत असेल तर मागची चाकं लांब गाडीसारखी वळणाच्या आतून जातात. मागचा कोन ३ ते ५ अंश वाढवा किंवा व्हीलबेस एक-दोन सेमी कमी करा.

वळणात ट्रक अचानक पडतो : पुढच्या रस्त्याकडच्या बुशिंगच्या जागी बॅरल लावा.

बोर्ड एकाच बाजूला ओढतो : तपासणी ब पुन्हा करा. नंतर बुशिंगं काढून पुन्हा बसवा. वाकलेला किंगपिनही हेच करतो. तो काढून सपाट काचेवर गडगडवला की लगेच दिसतो.

कुरकुर किंवा टकटक : कुरकुरीला साबणाचा कीस पुरतो. टकटक असेल तर टप्पा ५ मधली दुसरी पायरी.

जुळणी जमली की वहीत दोन्ही कोन, बुशिंग, वॉशर आणि नटाचे फेरे लिहा. दिवसाअखेर नटावरची खूण जागेवर आहे का पाहा. आपोआप सरकली असेल तर नायलॉन झिजलाय, नट नवा लागेल. रणरणत्या उन्हात बुशिंग मऊ पडतात. त्या दिवशी बोर्ड सैल वाटला म्हणून नट आवळत बसू नका, सावलीत थंड होऊ द्या आणि पुन्हा फेरी मारा.